माती आटली आणि झाकण बसेना

रविवार, रात्रीचे साडेअकरा, डिचोली, गोवा

बाहेर धो धो पाऊस. थ्रीडी प्रिंटर चालू आहे, ३८ टक्के झालंय, आणि हे होईपर्यंत झोपायचं नाही असं ठरवलंय कारण परवा झोपलो आणि वीज गेली आणि सकाळी अर्धी केस हातात आली, म्हणून लिहीत बसलोय.

केस म्हणजे मी घरी बनवतोय त्या, हातात धरून खेळायच्या गेमच्या डब्याचं बाहेरचं कवच. हे स्पष्ट सांगायला लागतं आता. गेल्या आठवड्यात आई मावशीला फोनवर सांगत होती की ह्याची चौथी केस चालू आहे, तर मावशी घाबरून विचारते, कोर्टात? त्याआधी आजीला वाटलेलं की माझे केस गळतायत.

आतलं सामान जूनमध्येच जमलं होतं. रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू नावाचा छोटासा कम्प्युटर, साडेतीन इंची स्क्रीन, एक चपटी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, चार्जिंगचं टीपी४०५६ मॉड्यूल, त्याच्यापुढे ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा छोटा बोर्ड, आणि बटणं. सगळं टेबलावर वायरींच्या गुंत्यात उघडं पडलेलं असताना गेम मस्त चालायचा. मला वाटलं अवघड काम संपलं, आता काय, एक डबा तर करायचाय. हा हा.

पहिली केस मी पूर्ण कम्प्युटरवर बसून काढली. फ्रीकॅड ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट मांडले, त्यांच्याभोवती २ मिमीची भिंत दिली, झालं. पाय झीरो ६५ बाय ३० मिमी. बॅटरीचं माप तर तिच्यावरच लिहिलेलं असतं, १०३४५० म्हणजे १० मिमी जाड, ३४ रुंद, ५० लांब, हे कळलं त्या दिवशी उगाच आनंद झाला होता. प्रिंट पण छान आली. पण वीस मिनिटं खेळलो आणि डाव्या तळव्यात कोपरा रुतायला लागला, उजवा अंगठा तर बटणावर नीट पोचेचना. मी सामानासाठी घर बांधलं होतं, धरणाऱ्या हाताचा त्यात विचारच नव्हता. मग जरा वाचलं, जुने फोटो बघितले. निन्टेन्डोच्या टीव्हीवाल्या कन्सोलच्या कंट्रोलरवर ए आणि बी सरळ एका रेषेत आहेत, आणि त्यांच्याच हातात धरायच्या, १९८९ च्या गेम बॉयवर तीच दोन बटणं तिरकी केलेली. अंगठा बुंध्यापासून फिरतो, कंपाससारखा, त्यामुळे तिरकी बटणंच त्याच्या वाटेत येतात. आणि तो गेम बॉय ३२ मिमी जाड होता! आपण उगाच सगळं पातळ करायच्या मागे लागतो.

तर मग हाताचं माप घ्यायचं कसं? पुठ्ठ्याचे डबे करून बघितले, मिठाईचे बॉक्स कापले, पण पुठ्ठा दाबला तर चेपतो आणि सोडला की परत वर येतो. तेव्हा सुचलं ते आमच्या वाड्यावरच्या गणपतीच्या शाळेवरून जाताना. सध्या तिथे ओळीने बिनरंगाचे गणपती बसलेत, काही अजून बिनसोंडेचे. आत जाऊन काकांकडे चिकणमातीचा गोळा मागितला. "माती कित्याक जाय रे तुका?" म्हणाले, म्हणजे कशाला हवी. सांगितलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण दीड-दोन किलोचा गोळा मळून दिला, वर सांगितलं की प्लास्टिकमध्ये गुंडाळून ने.

घरी येऊन तो गोळा लांबट केला, वर मधोमध बंद पडलेली स्क्रीन ठेवली, आणि डोळे मिटून दोन्ही हातांनी धरला, गेम खेळतोय असा. अंगठे हलवले, मागची बोटं जिथे जातात तिथे जाऊ दिली. डोळे उघडले तर मागच्या बाजूला मधल्या बोटांच्या दोन खोबणी पडलेल्या, आणि डावी उजवीपेक्षा खोल! कम्प्युटरवर मी हे शंभर वर्षांत काढलं नसतं, तिथे आपण अर्धं काढतो आणि मिरर मारतो. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढला, गोळा फ्रिजच्या मागे ठेवला, जिथे गरम हवा येते, आणि ऑफिसच्या गडबडीत चार दिवस विसरलो.

पाचव्या दिवशी व्हर्नियरने मापं घेतली, दर १० मिमीवर उंची-जाडी वहीत लिहिली, फ्रीकॅडमध्ये एकेक काप काढून जोडले. दोन रात्री गेल्या. प्रिंट आली, हातात धरली तर आकार अगदी बरोबर पण काहीतरी लहान मुलाचं खेळणं धरल्यासारखं. आणि आत सामान बसेना. स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना बटणांसाठी कापलेला डॉट बोर्ड (बटणं सोल्डर करायची भोकांची पट्टी) २९ मिमीचा, जागा २७. झाकणही बसेना, बॅटरीच्या वर दीडेक मिमी कमी. मी तासभर प्रिंटरला शिव्या दिल्या. मग तो पट्टीवाला फोटो सापडला. ओल्या मातीत रुंदी १५२ मिमी, सुकलेल्या गोळ्याची १४३.

काकांना सांगितलं तर हसून हसून खोकला लागला. "सुकल्यार आटतली न्ही रे!" पाणी निघून गेलं की माती आटते, म्हणूनच मूर्तीला भेगा पडतात आणि रंगाच्या आधी त्या बुजवाव्या लागतात, हे मी लहानपणापासून दर वर्षी बघतोय. बघणं आणि डोक्यात शिरणं ह्यात बराच फरक असतो बहुतेक.

इथून पुढचा मूर्खपणा मात्र पूर्ण माझा. १५२ भागिले १४३ म्हणजे १.०६३, म्हणून आळस करून सगळं मॉडेलच स्लायसरमध्ये, म्हणजे प्रिंटरसाठी फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, १०६.३ टक्के केलं. डबा मोठा झाला, हातात फिट्ट, मी खूश. पण त्याच्याबरोबर सगळी भोकंही मोठी झाली ना! स्क्रू धरणारे पितळी इन्सर्ट सोल्डरिंग गनने गरम करून बसवायला गेलो तर ते नुसतेच आत गेले आणि उलटं केल्यावर टपकन बाहेर. चार्जिंगचं पोर्ट खिडकीत डोकावणाऱ्या माणसासारखं लडबडतंय. आणि पाय झीरो बसवायचे खांब इकडे तिकडे सरकल्यामुळे चारपैकी एकाच भोकात स्क्रू जाईल. ती तिसरी. चौथी वीज गेली त्या रात्रीची.

मधे फिलामेंटने, म्हणजे प्रिंटरच्या प्लास्टिकच्या तारेने, छळलं ते वेगळंच. पावसात पीईटीजी हे प्लास्टिक हवेतलं पाणी पितं, नोझलमधून तडतड आवाज येतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सुटतात. पीएलए हे दुसरं प्लास्टिक वापरलं असतं तर थोडं सोपं गेलं असतं, पण ते साठेक डिग्रीला मऊ पडतं आणि मे महिन्यात पणजीला उन्हात लावलेल्या गाडीत हा डबा राहिला तर पापड होईल. म्हणून स्पूल तासन् तास गरम करून वाळवला आणि घरातल्या एकमेव हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवला. तो डबा आईचा पुरुमेताचा (पावसाळ्यासाठीच्या साठवणीचा), सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा. आता प्रिंट चालू असली की खोलीत बारीक सुंगटांचा वास येतो. आई म्हणते तुझा गेम मांजर पळवणार.

आत्ता चालू आहे ती पाचवी. ह्यावेळी बाहेरचा आकार तेवढाच वाढवला, आतलं सगळं मूळ मापाने परत काढलं. बटणांभोवती ०.३ मिमी फट सोडली. बॅटरीच्या वर २ मिमी मोकळे, कारण जुनी झाली की ती फुगू शकते, आणि एकही स्क्रू तिच्याकडे टोक करून नाही. डावी खोबण उजवीपेक्षा खोल तशीच ठेवलीय. मित्राने फोटो बघून विचारलं, हे वाकडं का आहे? म्हटलं माझा हात वाकडा आहे.

टक टक वाजणारी बटणं अजून पसंत नाहीत. रात्री खेळलं की पलीकडच्या खोलीतून बाबा खाकरतात. आवाज नको म्हणून जुन्या रिमोटच्या बटणांचं रबर कापून ठेवलंय, खालच्या वीज जोडणाऱ्या काळ्या टिकल्या अजून चालतात, पण ते पुढच्या रविवारी बघू.

संध्याकाळी सुकलेला गोळा परत द्यायला गेलो होतो. मला वाटलं काका आठवण म्हणून ठेव म्हणतील. त्यांनी दोन ठोक्यांत फोडून बादलीत टाकला, चवथ आलीय, माती कमी पडतेय. भिजली की तिचे उंदीर करणार म्हणाले.

६१ टक्के. वीज एकदा फडफडली पण गेली नाही. चहा टाकतो.