चार वेळा भरलेली मोटर

मार्चचा दुसरा आठवडा. मोसंबीची फळं गोटीएवढी झालेली असतात आणि एक पाणी चुकलं की गळ लागते. या दिवसांत जालन्यातल्या आमच्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायच्या दुकानासमोर सकाळी आठलाच टेम्पो उभे राहतात. त्या दिवशी अंबड तालुक्यातले एक काका दोन मोटरी घेऊन आले. दोन्ही विहिरीवरच्या मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात, पाच एचपीच्या. दोन्ही जळालेल्या.

"ताई, ही जुनी भरून द्या. नवी घाला भंगारात. दोन वर्षांत जळाली, काय कामाची? जुनी मह्या बापानं घेतलेली हाय, चारदा भरली तरी चालती."

मला आनंदच झाला. वस्तू टाकू नका, दुरुस्त करून वापरा, हे मी गिऱ्हाइकांना बारा महिने सांगते. माझं पोटही त्यावरच आहे. जुन्या मोटरच्या पायावर आमच्या दुकानाच्या खुणा होत्या. मोटर भरली की पंचानं साल ठोकायची ही बाबांची पद्धत. 1998, 2004, 2009, 2017. पहिली तीन सालं बाबांच्या हातची, चौथं माझं.

जळालेली तार काढली, स्टेटर साफ केला, तेव्हा आतलं लोखंड एका बाजूला निळसर काळं दिसलं. स्टेटर, म्हणजे मोटरचा तार भरायचा न फिरणारा भाग, अखंड लोखंडाचा नसतो. पातळ पत्र्याच्या शेकडो चकत्या एकावर एक दाबलेल्या असतात आणि दोन चकत्यांमध्ये विजेला अडवणारा अगदी पातळ थर असतो. तो थर जळाला की चकत्या एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात, लोखंडातच करंट फिरतो आणि वीज पाणी उपसण्याऐवजी लोखंड तापवण्यात जाते.

खात्री करायला स्टेटरभोवती तारेचे वेढे दिले आणि करंट सोडला. दहा मिनिटांनी सप्लाय बंद करून आतून हात फिरवला. सगळीकडे कोमट, आणि त्या निळ्या जागी असा चटका बसला की हात मागेच आला.

मग जुन्या वह्या काढल्या. 1998 च्या नोंदीत पंप न जोडता मोटर 3.1 अँपिअर घेत होती. 2009 ला 4.6. 2017 ला 4.9, आणि ते अक्षर माझं होतं. पंप नसताना करंट असा वाढणं ही लोखंड बिघडल्याची खूण. म्हणजे तेव्हा मी आकडा पाहिला, लिहिला आणि जुनी आहे, चालायचंच, म्हणून मोटर देऊन टाकली.

2009 ला काय झालं असेल ते मला माहीत आहे. तेव्हा जळकी तार सुटावी म्हणून दुकानामागे स्टेटर टायरच्या तुकड्यांवर ठेवून पेटवत. हंगामात मोटरींची रांग, शेतकरी दारात ताटकळलेला, जाळलं की तार झटकन निघते. बाबा हाताचे फार चोख. पण आगीला काटा नसतो, आणि लोखंड किती तापलं हे त्यांना मोजताच येत नव्हतं. आता मी ओव्हन वापरते, 350 अंशांच्या पुढे जाऊ देत नाही. नीट भरलेली मोटर नव्याइतकीच वीज खाते.

काकांना म्हटलं, ही मी भरणार नाही.

"अहो, बिल तर माफ हाय! खाल्ली थोडी जास्त लाईट तर काय?"

खरंच आहे, एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. मी त्यांच्यासमोर पाटीवर हिशोब मांडला. पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आत-बाहेर. त्यातले पाच टक्के फुकट गेले, अशी मोटर वर्षाला बाराशे तास चालली, तर सव्वादोनशे युनिट नुसतं लोखंड तापवण्यात जातात. कोळशाच्या विजेच्या युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला सव्वादोनशे किलो. एवढ्या मोटरीचं पन्नास किलो लोखंड खनिजापासून नव्यानं करताना त्याच्या निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. नवी मोटर घ्यावी लागली नाही म्हणून जे वाचलं, ते ही जुनी एका वर्षात उधळते.

बिल सरकार भरेल, पण परळीचं औष्णिक केंद्र 2015 ला पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं, हे आम्ही दोघांनीही पाहिलेलं. विजेलाही पाणी लागतं, आणि पाऊस रुसला की पहिला फटका मोसंबीलाच बसतो. काका बराच वेळ पाटीकडे बघत बसले.

नवी मोटर उघडली. तिचं लोखंड स्वच्छ होतं. तीनपैकी एक फेज गेलेला असताना मोटर चालू राहिली, म्हणून उरलेल्या दोन फेजच्या कॉइल जळाल्या होत्या. मोटरचा दोष नव्हताच. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद करणारा भाग, कुणीतरी सारखा ट्रिप होतो म्हणून तार बांधून बंद केला होता. ही मी दोन दिवसांत भरली. सोबत एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवायला लावला, कारण तो नसेल तर माझी मेहनत पुढच्या उन्हाळ्यात परत जळकी होऊन येणार.

जुनीतलं तांबं साडेतीन किलो भरलं. तांबं वितळवून पुन्हा तांबं करायला खाणीतून काढण्याच्या मानानं 85 टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा लागते, म्हणून आम्ही तारेचा तुकडाही झाडून टाकत नाही. लोखंडाचं ठिकाण तर गावातच आहे. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवतात, त्याच्या सळया होतात. तरीही पहिला हक्क मी दुरुस्तीलाच देते, कारण वितळवायलाही ढीगभर वीज लागते. या एका मोटरीला मात्र भट्टीच योग्य होती.

टेम्पोत चढवण्याआधी काकांनी तिच्या पायावरच्या चार सालांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "बाप असता तर भांडला असता तुमच्याशी."

माझेही भांडले असते. वहीत 2009 च्या नोंदीपुढं मी लाल शाईनं लिहिलं: कोअर (आतलं लोखंड) जळालेला, भरू नये. नव्या मोटरच्या पायावर पहिलं साल ठोकलं, आणि पंप न जोडता 3.2 अँपिअर ही नोंद काकांच्या मोबाइलमध्येही टाकून दिली, पुढच्या वेळी भरणाऱ्याला विचारता यावं म्हणून.