फीचा हप्ता ड्रॉइंगला बांधा, स्लॅबला नको

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नव्या कामाचं फीचं पत्र सरांच्या सहीआधी माझ्या टेबलावर येतं. मी आर्किटेक्ट नाही. इथं बडोद्यातच बी.कॉम. केलं, या ऑफिसात हिशेबाला लागले आणि रमले. पत्रातली एकूण रक्कम मी नंतर बघते. आधी बघते ते हप्ते कशाला बांधलेत.

बहुतेक ऑफिसांची रीत अशी असते: थोडी फी सुरुवातीला, थोडी प्लॅन पास झाल्यावर, आणि मोठा भाग बांधकाम चढेल तसा. प्लिंथला (जोत्याला) इतके, पहिल्या स्लॅबला इतके, बीयू म्हणजे इमारत वापरायची परवानगी मिळाली की राहिलेले. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या फीच्या नमुन्यातही पुढचे टप्पे बांधकामाच्या प्रगतीशीच जोडलेले आहेत. पण प्लिंथ भरेपर्यंत आमच्या मुलांनी काय काय उरकलेलं असतं! रजाचिठ्ठीची, म्हणजे बांधकाम परवानगीची ड्रॉइंग, स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबरच्या बैठका, दारं-खिडक्यांचे तपशील, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, बीओक्यू म्हणजे कामाच्या आणि मालाच्या मापांची यादी. त्या सगळ्या महिन्यांचे पगार देऊन झालेले असतात. मग पार्टीचं कर्ज अडतं, भावाभावांत जमिनीवरून बिनसतं, मुहूर्त पुढे जातो, आणि त्यांच्याबरोबर आमचे पैसेही अडकतात. इथल्या गोत्री भागातल्या एका बंगल्याचं असंच झालं. पूर्ण सेट देऊन झाला, ड्रॉइंगमध्ये कुणी बोट दाखवलं नाही, आणि काम प्लिंथवर थांबलं.

म्हणून माझा आग्रह असतो: वर्किंग ड्रॉइंगचा, म्हणजे साइटवर बांधायला लागणाऱ्या ड्रॉइंगचा सेट हातात देताना सत्तर टक्के फी आलेली हवी. उरलेली तीस साइटवरच्या देखरेखीची, तीही दरमहा. सरांना सुरुवातीला वाटायचं, पार्टी बिचकेल. पण समजावून सांगितलं की लोकांना पटतं. ज्याला हे अजिबात पटत नाही, त्याच्याकडून पुढे वसुलीही कठीणच जाते, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट तासांची. ऑफिसचा महिन्याचा खर्च, म्हणजे पगार, भाडं, सॉफ्टवेअर, प्रिंट, पेट्रोल, समजा चार लाख, आणि ड्रॉइंगवर बसणारे सगळे मिळून आठशे तास काम करतात. म्हणजे एक तास पाचशे रुपयांना पडला. सहा लाख फीच्या बंगल्यात बाराशे तास गेले की नफा शून्य. हे गणित सगळ्या ज्युनिअरांना माहीत असायला हवं, नुसतं मला नाही. कारण पार्टीनं सहज म्हटलेलं ‘जिना जरा त्या बाजूला घेऊ या’ म्हणजे प्लॅन, सेक्शन, बीम, पाइप सगळं पुन्हा. चाळीस तास गेले तर वीस हजार झाले. म्हणून पत्रात लिहिते: डिझाइन मंजूर झाल्यावर दोन बदल फीमध्ये, तिसऱ्यापासून तासावर. दर शुक्रवारी सगळ्यांनी कुठल्या कामाला किती तास दिले ते लिहून द्यायचं. मुलं कंटाळतात, पण मी सोडत नाही.

जीएसटी आणि टीडीएसबद्दल थोडक्यात. दहा लाखांच्या बिलावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख ८० हजार. पार्टीला टीडीएस कापायचा असेल तर तो मूळ फीवर १० टक्के, एक लाख. खात्यात येतात १० लाख ८० हजार आणि खर्चायला असतात नऊ. जीएसटीचे एक लाख ८० हजार मी त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकते. पैसे यायच्या आधी टॅक्स इन्व्हॉइस काढत नाही, प्रोफॉर्मा म्हणजे कच्चं बिल पाठवते. नाहीतर न आलेल्या फीचा जीएसटी आपल्या खिशातून भरावा लागतो. आणि कापलेला टीडीएस खरंच जमा झालाय का, हे आयकर खात्याच्या करजमेच्या उताऱ्यात दर तिमाहीला बघायचं.

बिल्डरांच्या कामात आपल्या ऑफिसची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, उपयोगी पडते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ पासून तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे थकवलेले पैसे, ते देईपर्यंत, बिल्डरला करासाठी खर्चात धरता येत नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचे सीए आपणहून फोन करतात.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे होत नाही. रेरा कायद्यात बिल्डरला घर घेणाऱ्या ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ते काढायला इंजिनिअर आणि सीएबरोबर आर्किटेक्टचंही प्रमाणपत्र लागतं. फी थकली की ते प्रमाणपत्र अडवून धरा, असं मला लोकांनी सुचवलंय. सर ऐकत नाहीत आणि मीही त्यांच्याच बाजूची आहे. त्या कागदावर घर घेणाऱ्यांचे पैसे अवलंबून असतात. जितकं बांधलंय तितकंच लिहायचं, वेळेवर द्यायचं. थकलेल्या फीसाठी वेगळी नोटीस जाते. प्रमाणपत्रासाठी साइट तपासायला जे तास जातात, त्यांचं बिल मी मूळ फीत न घालता दर वेळी स्वतंत्र लावते.