वरणात डाळ किती?

परवा रात्री कुकर लावायच्या आधी आईच्या हातातून तूरडाळीची वाटी घेतली आणि सरळ वजनकाट्यावर ओतली. ८० ग्रॅम. चार माणसांत. आई म्हणाली, "अरे, सोनं मोजतोयस का?"

झालं असं की जिममधला ट्रेनर मागेच लागलाय, प्रोटीनसाठी अंडी खा नाहीतर पावडर घे, आणि आमच्या घरात अंडं आणायचं म्हणजे आधी वेगळं भांडं, मग वेगळी शेगडी आणि मग बहुतेक वेगळा फ्लॅटच, म्हणून म्हटलं आधी बघू तरी आपण खातो किती. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने मोठ्या माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, माझं वजन ६२, म्हणजे ५१-५२ ग्रॅम झालं. ट्रेनर याच्या दुप्पट सांगतो, पण पावडरचे डबे पण तोच विकतो, सो जाऊ दे.

आता गंमत बघा. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ च्या आसपास प्रोटीन, म्हणजे ८० ग्रॅमचं साडेसतरा, भागिले चार. माझ्या वाट्याला धड साडेचार पण नाही! आणि इतकी वर्षं "वरण-भात खातो की" या जिवावर बिनधास्त. उलट तीन पोळ्यांमध्ये नऊ-दहा ग्रॅम निघालं, मी उगाच पोळीला नुसते कार्ब्ज म्हणून नावं ठेवत होतो. फक्त गव्हात लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं, ते डाळीतून भरून निघतं, त्यामुळे डाळीला सुट्टी नाही. पोहे, चहातलं दूध, दही सगळं धरून दिवसाची गाडी चाळिशीतच अडकते.

मग प्रयोग सुरू. सोया चंक्स, कोरड्या १०० ग्रॅममध्ये तब्बल ५२ ग्रॅम. पहिल्याच रात्री उत्साहात टोपभर रस्सा हाणला आणि सकाळी ठाण्याहून नेहमीची फास्ट लोकल पकडली. मुलुंड जाईपर्यंत ठीक होतं. घाटकोपरला मी दाराकडे सरकलो, कुर्ल्याला बाजूच्या काकांनी नाकाला रुमाल लावला, पुढचं लिहीत नाही. आता ३० ग्रॅमच घेतो, ते पण दुपारी, रविवारी.

मोड आले की प्रोटीन वाढतं असं मला वाटायचं. नाही हो. मटकी फुगते ती पाण्याने, पचायला बरी होते एवढंच. आणि आईच्या संकष्टीची साबुदाण्याची खिचडी? साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात जे काय प्रोटीन असतं ते शेंगदाण्याच्या कुटाचं, म्हणून आता कूट टाकताना मी शेजारी उभा असतो.

शेवटी जमलं ते साधंच. जांभळी नाक्यावरून किलोभर फुटाणे आणले, ऑफिसच्या बॅगेत डबी, ५० ग्रॅममध्ये दहा-अकरा ग्रॅम सुटतं आणि चारच्या वडापावची आठवण कमी येते (बंद होत नाही). आठवड्यातून दोनदा घट्ट पिठलं-भाकरी.

काल आईनेच विचारलं, "आज किती घालू रे डाळ?" म्हटलं १२० घाल. जेवायला बसल्यावर बाबांनी वाटीत चमचा उभा करून बघितला, राहिला उभा. "हे वरण आहे की भिंतीला भरायची लांबी?" म्हणाले, आणि वर लिंबू पिळून दुसऱ्यांदा घेतलं.