कोच बदलला, कॉन्फरन्सही बदलली: टेक्ससमधल्या हायस्कूल फुटबॉलचा माझा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये आमच्या शाळेच्या फुटबॉल हेड कोचने राजीनामा दिला. मुलगा तेव्हा दहावीत होता आणि जेव्ही संघात, म्हणजे मुख्य व्हार्सिटी संघाच्या खालच्या संघात, गार्ड म्हणून, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीत (लाइनमध्ये) खेळत होता. शाळेची ईमेल संध्याकाळी आली. मुलांच्या ग्रुपवर दुपारीच सगळं कळलेलं होतं. दोनच आठवड्यांनी दुसरी बातमी आली: शाळा 5A मधून 6A कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सर्वांत मोठ्या शाळांच्या गटात गेली. हे दोन्ही बदल एकदम आल्यावर घरात काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहितो आहे. इथल्या बऱ्याच मराठी घरांत मुलं आता फुटबॉल खेळू लागली आहेत आणि आईवडिलांना हे नियम सांगणारं जवळचं कुणी नसतं.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा गॅलरीत यायच्या, त्यात मी वाढलो. इथला फुटबॉल हातात धरून पळण्याचा, हेल्मेट आणि खांद्याच्या पॅडचा. पण शुक्रवारी रात्री दिवे लागले, बँड वाजू लागला आणि दुकानदारापासून दंतवैद्यापर्यंत सगळे एकाच रंगाच्या टीशर्टात दिसू लागले, की मला तालमींचीच आठवण होते. जवळच्या ॲलन शहराने २०१२ मध्ये हायस्कूलसाठी सहा कोटी डॉलरचं, अठरा हजार आसनांचं स्टेडियम उघडलं. तिथल्या शाळेने २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं राज्याचं विजेतेपद जिंकलं. तरी तिथेही पुढे कोच बदलत गेलेच. त्यामुळे आमच्या शाळेवर काही आकाश कोसळलेलं नव्हतं. मुलाला मात्र तसंच वाटत होतं.

त्याचं दुःख हेड कोचसाठी नव्हतं. मला हे समजायला थोडा वेळ लागला. हेड कोचशी त्याचं बोलणं मोजकंच व्हायचं. त्याचा जीव होता लाइन कोचवर, जे त्याला भूमितीही शिकवत. टेक्ससच्या सरकारी शाळांत फुटबॉल कोच हे शाळा-जिल्ह्याचे, म्हणजे परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे, पूर्णवेळ नोकर असतात, आणि सहाय्यक कोच बहुतेक वेळा वर्गावरही शिकवतात. सकाळी प्रमेय, दुपारी ब्लॉकिंग, माणूस तोच. हेड कोच गेला की सहाय्यकांचं भवितव्य टांगणीला लागतं. काही जण त्याच्याबरोबर नव्या शाळेत जातात, काहींना नवा हेड कोच ठेवत नाही, काही आधीच दुसरीकडे अर्ज करतात. बाहेरच्यांना एक नाव बदललेलं दिसतं. मुलांसाठी मात्र रोज दोन तास ज्याचा आवाज कानावर असतो तो माणूस बदलतो.

नेमणुकीची पद्धत अशी. जागा जाहीर होते, ॲथलेटिक डायरेक्टर (खेळ विभागाचे प्रमुख) आणि मुख्याध्यापक मुलाखती घेतात, एक नाव पुढे जातं आणि शाळा-जिल्ह्याचं निवडून आलेलं बोर्ड त्यावर मत देतं. मोठ्या शाळांत हेड कोचचा पगार वर्षाला लाख डॉलरच्या वर जातो आणि तो सार्वजनिक पैसा असतो, म्हणून मतदान उघड बैठकीत होतं. व्यक्तीविषयीची चर्चा मात्र बंद दाराआड. बैठकीचा अजेंडा आधी प्रसिद्ध करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि नाव नोंदवलं तर पालकाला काही मिनिटं बोलता येतं. मी नाव नोंदवलं. कुणाला नेमा, हे सांगण्याचा मला अधिकार नव्हता आणि ज्ञानही नव्हतं. मी एवढंच मागितलं की नेमणूक लवकर व्हावी, आणि जे सहाय्यक राहू इच्छितात त्यांच्याशी नव्या कोचने आधी बोलावं. बोर्डाने ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. तशी पद्धतच आहे. पण बैठकीनंतर दोन पालक येऊन भेटले. त्यातल्या एकीचा मुलगा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा. पुढची दोन वर्षं त्या कुटुंबाशी आमचं घरच्यासारखं जाणंयेणं राहिलं.

आता कॉन्फरन्सबद्दल. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या शाळांचा गट. टेक्ससमध्ये कॉन्फरन्स ठरते शाळेच्या पटसंख्येवरून, आणि एकमेकांशी खेळणाऱ्या शाळांच्या गटाला डिस्ट्रिक्ट म्हणतात. शालेय स्पर्धांची राज्यसंस्था यूआयएल दर दोन वर्षांनी ही मांडणी नव्याने करते. ऑक्टोबरच्या शेवटी शाळा आपली पटसंख्या कळवतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला यादी जाहीर होते. २०२४ साठी 6A ची रेषा २,२७५ विद्यार्थ्यांवर होती. तेवढे किंवा अधिक असले की सर्वांत वरचा गट. 5A खाली १,३१५ पर्यंत. सगळ्यात लहान 1A मध्ये शंभरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मुलांच्या शाळा असतात आणि तिथे सहा-सहा खेळाडूंचा फुटबॉल खेळतात. आमच्याकडे नव्या वसाहती झाल्या होत्या, आणि शाळा रेषेच्या किंचित वर गेली होती.

या किंचितचा अर्थ मोठा आहे. 6A ला वरची मर्यादा नाही. ॲलनसारख्या शाळेची पटसंख्या सहा हजारांच्या वर, आणि तेविसशेची शाळाही त्याच कॉन्फरन्समध्ये. मैदानावर दोन्हीकडून अकराच उतरतात, पण ते अकरा किती मुलांतून निवडले हे तिसऱ्या क्वार्टरमध्ये कळतं. मोठ्या शाळेत बचाव आणि आक्रमण वेगवेगळी मुलं खेळतात, दमलेल्याला बदली मिळते. लहान शाळेत एखादा मुलगा दोन्हीकडे खेळतो आणि चौथ्या क्वार्टरला त्याचे पाय जड होतात.

१ फेब्रुवारीच्या सकाळी यादी आली. त्या दिवशी कोच मंडळी विभागीय केंद्रांवर जमतात, कागद हातात पडताच आपला डिस्ट्रिक्ट बघतात आणि डिस्ट्रिक्टबाहेरच्या सामन्यांसाठी तिथेच एकमेकांना गाठून तारखा पक्क्या करतात. आमच्याकडे हेड कोचच नव्हता. ॲथलेटिक डायरेक्टरसोबत गेले ते लाइन कोच. आपण इथे राहणार की नाही हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, तरी पुढच्या मोसमाचे सामने ते दिवसभर जुळवत बसले. मार्चमध्ये ते दुसऱ्या शाळेत गेले. त्यांनी ठरवलेले सामने आमची मुलं पुढे दोन मोसम खेळली. मला त्या माणसाविषयी फार आदर आहे.

दरम्यान पालकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, जुन्या कोचच्या नव्या शाळेच्या हद्दीत घर भाड्याने घ्या. कुणी खाजगी शाळेचं नाव सुचवलं. अशा वेळी नियम नीट वाचा. टेक्ससमध्ये शाळा बदललेल्या मुलाला व्हार्सिटी खेळण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो, त्यावर जुन्या शाळेचं म्हणणं मागवतात, आणि बदल खेळासाठी केला असं डिस्ट्रिक्टच्या समितीला वाटलं तर मुलगा किमान एक वर्ष व्हार्सिटीला अपात्र ठरतो. समितीत त्याच डिस्ट्रिक्टमधल्या इतर शाळांचे प्रतिनिधी असतात. कोचच्या मागे जाणं म्हणजे खेळासाठी शाळा बदलणंच. अकरावीत जाणाऱ्या मुलाकडे दोनच मोसम उरलेले असतात. त्यातला एक पणाला लावायचा का? आम्ही मुलासमोर सगळं मांडलं. तो म्हणाला, "बाबा, माझे मित्र इथे आहेत." विषय संपला.

नवा हेड कोच मार्चमध्ये आला. पालकसभेत बहुतेकांनी विचारलं, किती सामने जिंकू, क्वार्टरबॅक कोण असेल. मी विचारलं, लाइन कोच कोण, आणि तो शाळेत काय शिकवणार. त्यांनी नाव सांगितलं, जीवशास्त्र म्हणाले, आणि पुढे म्हणाले की लाइनच्या पालकांनी दर गुरुवारी जेव्हीच्या सामन्यालाही यावं, कारण ते स्वतः तिथे असतील. आले तसे. फ्रेशमन (नववीच्या) आणि जेव्ही संघांचे सामने व्हार्सिटीच्या आदल्या दिवशी रिकाम्या गॅलरीसमोर होतात. हेड कोच तिथे उभा दिसला की पंधरा वर्षांच्या मुलाला काय वाटतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

खरी कसोटी होती खेळाच्या पद्धतीची. जुना संघ स्लॉट-टी खेळायचा: चेंडू धावत न्यायचा, गार्डने जागा सोडून बाजूला पळत जाऊन वाट मोकळी करायची. त्या पद्धतीत हलका, चपळ गार्ड कामाचा, आणि माझा मुलगा तसाच. नव्या कोचची पद्धत स्प्रेडची. संघ मैदानभर पसरतो, क्वार्टरबॅक मागे उभा राहून पास फेकतो, आणि लाइनच्या मुलांना मागे सरकत सरकत समोरच्या दांडग्या खेळाडूला अडवून धरावं लागतं. हात जमिनीला टेकून पुढे झेपावण्याची दोन वर्षांची सवय मोडायची आणि उभ्या पवित्र्यातून मागे पाऊल टाकायला शिकायचं. वजन कमी असलं की तिथे रेटले जातात. एप्रिलमध्ये लाइन कोचने त्याला सेंटरला घेतलं.

सेंटर म्हणजे लाइनच्या मधोमध, चेंडूवर हात ठेवून. दोन पायांमधून चेंडू मागे पाच यार्डांवर उभ्या क्वार्टरबॅकच्या छातीवर द्यायचा, आणि त्याच क्षणी समोरच्याला भिडायचं. चेंडू जरा उंच गेला की डाव फसतो. त्याआधी बचावातला मधला लाइनबॅकर कोण हे ओळखून बोट दाखवत ओरडायचं, मग सगळ्या लाइनने त्यानुसार कुणाला अडवायचं ते ठरवायचं. ताकदीइतकंच डोकं लागतं. भूमितीच्या सरांनी त्याला कोन बघायला शिकवलं होतं, ते इथे उपयोगी पडलं. 5A आणि 6A च्या शाळांना वसंतात चौतीस दिवसांत अठरा सराव करता येतात. ते सराव कमी पडले म्हणून संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात मी क्वार्टरबॅकच्या जागी उभा राहायचो. उन्हाळाभर माझी बोटं सुजलेली होती. मे महिन्यात दहापैकी चार चेंडू कुंपणाकडे जायचे, जुलैत क्वचित एखादा.

ऑगस्टमधल्या टेक्ससच्या उन्हाची ज्यांना काळजी वाटते त्यांच्यासाठी: पहिल्याच दिवसापासून पूर्ण पॅड घालू देत नाहीत, आधी फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, असं शरीर सरावलं की पुढे. डोक्याला मार लागल्याची शंका आली की त्या दिवशी मुलगा परत मैदानात जात नाही आणि नंतरही डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. हा २०११ पासून राज्याचा कायदा आहे. एका सामन्यात क्वार्टरबॅकला असंच बसवलं, आम्ही गुणांत मागे होतो, आणि नव्या कोचने क्षणभरही मन बदललं नाही. माझा त्यांच्यावरचा विश्वास त्या संध्याकाळी पक्का झाला. अभ्यासाचंही तसंच. नेहमीच्या विषयात सत्तरच्या खाली गेलात की सामने बंद, हा टेक्ससचा नियम १९८४ पासूनचा आहे. त्यांनी तो निकालाच्या दिवसापर्यंत न थांबता दर आठवड्याला बघायला सुरुवात केली.

मोसम सुरू झाला. दुसरा सामना शुक्रवारी, ६ सप्टेंबरला, नेमका हरतालिकेच्या दिवशी. बायको उपास धरून गॅलरीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती बसवताना मुलाला एक खांदा वर उचलता येत नव्हता. डिस्ट्रिक्टमधल्या पहिल्या तीन सामन्यांत आम्ही सपाटून हरलो. दोन वर्षांपूर्वी आमच्यासारख्यांना सहज हरवणारे हे संघ होते आणि आमच्या मुलांची नवी पद्धत अजून अंगात मुरायची होती. चौथ्या सामन्यापासून लाइन उभी राहू लागली. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून चार संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात; आम्ही शेवटच्या शुक्रवारी हरलो आणि पाचवे आलो.

त्यानंतर डिसेंबरमध्ये मी एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवून होतो: सहाय्यक किती टिकतात. टेक्ससमध्ये शिक्षकाला शाळा सुरू होण्याच्या पंचेचाळीस दिवस आधीपर्यंत दंडाशिवाय राजीनामा देता येतो, त्यामुळे डिसेंबर ते जून ही अनिश्चितता चालूच असते. जून उलटला. जीवशास्त्राचे लाइन कोच राहिले, बचावाचे राहिले, एकच जण गेला.

२०२५ चा मोसम मुलाचा शेवटचा. तीच पद्धत, तेच कोच, सेंटर-क्वार्टरबॅकची तीच जोडी. आम्ही चौथे आलो. 6A मध्ये डिस्ट्रिक्टमधल्या चार पात्र संघांपैकी मोठ्या पटसंख्येचे दोन डिव्हिजन एकमध्ये जातात आणि लहान दोन डिव्हिजन दोनमध्ये; आमच्यासारख्या सीमेवरच्या शाळेला कॉन्फरन्सच्या नियमात मिळणारा हा एकमेव दिलासा. बाय-डिस्ट्रिक्ट फेरीत, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, आम्ही सहा गुणांनी हरलो. मुलाचा एकही स्नॅप, म्हणजे पायांमधून मागे दिलेला चेंडू, वाया गेला नाही. त्या रात्री भूमितीच्या जुन्या सरांचा त्याला फोन आला; त्यांची शाळाही त्याच दिवशी हरली होती. दोघं तासभर बोलले.

मुलगा आता इंजिनिअरिंगला जाईल, फुटबॉल पुढे खेळणार नाही. शाळेत मात्र या वर्षी आठवीतून तीन मराठी मुलं फ्रेशमन संघात येत आहेत, आणि लाइन कोचने मला त्यांच्या पालकांशी बोलायला सांगितलं आहे.