पट्ट्यांचं गाढव आणि गेंड्याचा पहारेकरी

जुलैत नैरोबीत स्वेटर लागतो, हे धाकट्या भावाने फोनवर दोनदा बजावूनही मी सुती सदरेच घेऊन गेलो. आफ्रिका म्हणजे ऊन, हे डोक्यात पक्कं. नैरोबी आपल्या महाबळेश्वरहूनही उंचावर आहे, हे पहाटे ६ वाजता उद्यानाच्या फाटकाशी कुडकुडताना नीट पटलं. शेवटी वहिनीची शाल गुंडाळून बसलो.

नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ सालचं, केनियातलं पहिलं. ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानाहून थोडंसंच मोठं. पण बोरिवलीत झाडी. इथे बराचसा उघडा माळ आणि त्याच्या टोकाला शहराचे उंच मनोरे. तीन बाजूंना कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी.

आमचा चालकच वाटाड्या होता. तो मला ‘म्झे’ म्हणायचा, म्हणजे वडीलधारा माणूस. केस काळे करून आलो होतो, उपयोग शून्य. त्याच्याकडून स्वाहिली शब्द मात्र भरपूर मिळाले. जिराफ म्हणजे ‘ट्विगा’. झेब्रा म्हणजे ‘पुंडा मिलिया’, शब्दशः पट्ट्यांचं गाढव! गाडीसमोर रस्ता अडवून उभं राहिलेलं ते गुबगुबीत जनावर बघून नाव चपखल वाटलं.

नऊच्या सुमारास त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद. झुडपांत काहीतरी करकरत होतं. पाच मिनिटं काहीच नाही, मग पानांतून आधी शिंग आणि मागून अख्खा काळा गेंडा बाहेर आला. रंग म्हणाल तर चिखलाचाच. काळा आणि पांढरा गेंडा रंगावरून ओळखायला जाऊ नये, ओठ बघावा. पांढऱ्याचं तोंड रुंद, गवत कापायला. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, फांदी पकडून ओढायला. हा काट्यांसकट फांदी चावत होता, आपण शेवग्याची शेंग चघळतो तसा निवांत. पाठीवर लाल चोचीचे दोन पक्षी गोचिडी टिपत होते. या पक्ष्याला स्वाहिलीत ‘गेंड्याचा पहारेकरी’ म्हणतात. गेंड्याची नजर अधू. पक्षी ओरडले की तो सावध होतो. तसंच झालं. कुणाच्या तरी कॅमेऱ्याची पिशवी आपटली, पक्षी किरकिरले, गेंड्याने कान फिरवले, आमच्याकडे तोंड केलं. गाडीत कुणी श्वास घेईना. मग शेपटी वर करून तो उलटा पळाला. एवढं धूड आणि ती चपळाई!

डबा खाल्ला तो हस्तिदंत जाळल्याच्या जागेजवळ. हस्तिदंताचा व्यापार थांबावा म्हणून केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १९८९ मध्ये इथे १२ टन हस्तिदंत पेटवलं. २०१६ मध्ये १०५ टन जाळलं गेलं. त्या राखेचे ढीग अजून आहेत. गंमत म्हणजे या उद्यानात रानटी हत्ती नाहीत. थालीपीठ घशाखाली जरा जडच गेलं.

दुपारी बंदूकधारी वनरक्षकासोबत नदीकाठी चालत जाऊन पाणघोडे बघितले, म्हणजे दोन नाकपुड्या आणि चार कान. परतताना डोक्यावरून नव्या रेल्वेच्या पुलावरची गाडी धडधडत गेली; खाली कोंगोनी हरणं मान वर न करता चरत होती.

सिंह दिसला नाही. रात्री भावाला गेंड्याचा फोटो दाखवला. मागच्या इमारती येऊ नयेत म्हणून किती वाकडा झालो होतो, तरी दोन आल्याच. त्याने फोटो मोठा करून गेंडा बाजूला सरकवला आणि म्हणाला, “दादा, हे बघ, हे माझं ऑफिस.”