बेसबॉल सुरू होतंय

पाडव्याला फोनवर आई म्हणाली, "आज आवाज किती मोकळा लागलाय गं तुझा. काही झालं का?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बेसबॉल सुरू होतंय." ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "एवढंच?"

तिला कुठली बातमी हवी होती ते मला माहीत आहे. तिचं चुकलंही नाही. तो विषय आज नको.

पण तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. ट्रेनमध्ये, भांडी घासताना, मीटिंग चालू असताना सुद्धा. तिचा राग नाही आला. मलाच समजून घ्यायचंय की एवढा आनंद नक्की कशाचा होतोय.

कारण हिशेब मांडला तर आनंदाला जागाच नाही. मरिनर्स, आमचा सिअॅटलचा संघ, 1977 पासून खेळताहेत आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे सीझनच्या अंतिम लढतीपर्यंत, एकदाही पोचलेले नाहीत. 30 संघांत असा हा एकच. 2001 साली 116 सामने जिंकले, जपानहून आलेल्या इचिरोचं इथलं पहिलं वर्ष, तेव्हाही नाही. पुढे 2022 उजाडेपर्यंत प्लेऑफचं, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड पाहिलं नाही. आणि मग मागचा, 2025 चा ऑक्टोबर.

त्या ऑक्टोबरबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. आज लिहिते. 20 तारीख, टोरांटोत टोरांटोशीच, मालिकेतला सातवा, शेवटचा सामना. जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. आमच्या हुलिओचा होम रन झाला (क्रिकेटच्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर), कॅलचा झाला, नऊपैकी सातव्या इनिंगमध्ये आपण 3-1 ने पुढे. आठ आउट हवे होते, फक्त आठ. दोन बेसवर त्यांची माणसं, त्यांचा स्प्रिंगर बॅटिंगला, आणि चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत, एका फटक्यात तीन धावा. 4-3. शेवटचा आउट हुलिओच, स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. मी टीव्ही बंद केला नाही, त्यांचा जल्लोष शेवटपर्यंत पाहिला. घर फार शांत होतं. या घराला आता शांततेची सवय आहे, तरीही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे म्हणत होते, काय सीझन झाला! खरंच झाला. कॅल रॅलीने 60 होम रन मारले. बॅटरच्या मागे गुडघे दुमडून रोज शंभरावर चेंडू झेलणारा कॅचर आणि 60 होम रन, आजवर कुठल्याही कॅचरला जमलं नव्हतं. डेट्रॉइटविरुद्ध 15 इनिंग चाललेल्या त्या रात्री आमच्या पोलँकोचा विजयी हिट, मी सोफ्यावर उभी राहून ओरडले होते. (पोलँको आता न्यू यॉर्कच्या मेट्स संघाकडे गेला. त्यावर लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही.) पण मला त्या दिवशी कुणाचं कौतुक ऐकवत नव्हतं. माझ्या वाट्याला जे येतं ते आठ आउट अलीकडे येऊनच का थांबतं, हेच हिवाळाभर वाटत राहिलं. सिअॅटलचा हिवाळा असल्या विचारांना खतपाणी घालतो. साडेचारला अंधार, खिडकीवर पाऊस, आणि सांगायला कुणी नाही.

मग फेब्रुवारीच्या शेवटी किराणा घेऊन गाडीत बसले, रेडिओ लावला आणि अॅरिझोनातल्या पिओरियाहून सामना चालू होता. सरावाचा सामना, निकाल कुठे मोजत नाहीत. अर्धी नावं ओळखीची नव्हती, त्यातली बरीच मुलं सीझन सुरू व्हायच्या आधी टॅकोमाला, दुय्यम संघात, परत जाणारी. पण चेंडू ग्लव्ह्जमध्ये बसल्याचा तो आवाज, मागे प्रेक्षकांची गुणगुण, आणि निवेदक निवांतपणे सांगतोय की आज इथे छान ऊन पडलंय. गाडीच्या काचेवर पाऊस. मी दोन इनिंग तशीच बसून ऐकल्या, डोळे भरून आले आणि दूध गरम होतंय याचं भान राहिलं नाही.

त्याचा अर्थ आत्ता लिहिताना थोडा लागतोय. बेसबॉलमध्ये हरणं रोजचं असतं. 162 सामने. 116 जिंकणारा संघही 46 वेळा हरला. आज हरलात तर उद्या संध्याकाळी पुन्हा खेळायचंच असतं, पोळी करपली म्हणून दुसऱ्या दिवशी कणीक भिजवायची थांबत नाही तसं. मला या खेळाचं हेच आवडतं, शोक करायला तो वेळच देत नाही. फक्त त्या 20 तारखेच्या हरण्याला दुसरा दिवस नव्हता. सामना संपला आणि पुढे काही नाही, कोरं कॅलेंडर. चार महिने मी त्याच रात्रीत राहिले. पिओरियाचा आवाज आला आणि त्या रात्रीचा दुसरा दिवस उजाडला. मी काही विसरलेले नाही, स्प्रिंगरचा चेंडू अजून दिसतो. पण आता पुढे उद्या आहे.

हेही पुरतं नाही. उद्या आहे म्हणून एवढं?

एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी सहा चाळीसला या घरात कुणीतरी बोलायला लागतं, हेही आहे. बाबा असते तर त्यांना हे सांगावं लागलं नसतं. कसोटीचे पाचही दिवस त्यांचा ट्रान्झिस्टर खिडकीत असायचा, सामना अनिर्णित सुटणार हे दिसत असलं तरी. आई तेव्हाही विचारायची. जाऊ दे.

यंदा नवा नियम आहे. अंपायरचा बॉल-स्ट्राइकचा निर्णय (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल) पटला नाही तर बॅटर, चेंडू टाकणारा पिचर किंवा कॅचर टोपीवर, हेल्मेटवर टॅप करून आव्हान देऊ शकतो, मग कॅमेरे ठरवणार. संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. मला अजून ठरवता येत नाही. जरासा बाहेर गेलेला चेंडू अलगद आत घेऊन अंपायरला स्ट्राइक वाटायला लावणं ही कॅचरची कला, आणि 2024 चा प्लॅटिनम ग्लव्ह, लीगमधल्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा मान, मिळवणारा कॅल त्यात वाकबगार. ती कला थोडी तरी मार खाणार. उलट कुठला चेंडू कसा गेला हे कॅचरइतकं कुणाला दिसत नाही, तेव्हा आव्हान द्यायचंही त्यालाच सगळ्यात चांगलं जमेल. जूनपर्यंत कळेल.

गुरुवारी घरच्याच मैदानावर क्लीव्हलँडशी पहिला सामना. वरच्या मजल्यावरचं तिकीट काढलंय, एकाचंच. मार्चअखेरीस तिथे वारा बोचतो. छत सरकवून घेतलं तरी बाजू उघड्याच राहतात, मालगाडीचा भोंगा थेट आत ऐकू येतो. दोन स्वेटर, कानटोपी, पेन्सिल. कागदावर स्कोअर मीच मांडणार, पहिल्या चेंडूपासून.