बायर्नच जिंकणार, तरी मैदान भरतंय

सुट्टीत कोल्हापूरला आलो की पहिली संध्याकाळ शाहू स्टेडियमची. यंदा शेजारी मामा होते. समोर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना, गॅलरीत शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ. मध्यंतराला शेंगदाण्याची पुडी पुढं करत मामांनी विचारलं, "तुझ्या जर्मनीत तेच ते बायर्न जिंकतंय नव्हं? मग बघतोस कशाला मर्दा?"

बोचलं. मी राहतो डॉर्टमुंडला, म्हणजे बायर्नचा मार खाणाऱ्यांच्याच गावात. जर्मन फुटबॉल लीगचं विजेतेपद 2013 ते 2023 सलग 11 वर्षं बायर्न म्युनिक क्लबकडं. 2024 ला लेव्हरकुझेन, तेही एकही सामना न हरता. 2025 ला पुन्हा बायर्न.

मोबाईलवर मामांना हिशेब मांडून दाखवला. एकूण विजेतेपदांत प्रत्येक क्लबचा वाटा किती ते काढायचं, त्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. बाजारात मक्तेदारी किती, हेही अर्थशास्त्रज्ञ असंच मोजतात. हर्फिंडाल निर्देशांक म्हणतात त्याला. कायम एकच क्लब जिंकला तर उत्तर 1. या 13 हंगामांचं जर्मनीचं उत्तर 0.86. इंग्लंडचं 0.35, कारण तिथं मँचेस्टर सिटी 7 वेळा, चेल्सी आणि लिव्हरपूल 2-2, मँचेस्टर युनायटेड आणि लेस्टर 1-1.

"म्हंजे माझंच खरं," मामा.

तसं नाही. हे माप फक्त कोण किती वेळा जिंकलं तेवढंच सांगतं. दुसरं माप एका हंगामापुरतं असतं. गुणतक्त्यात संघ एकमेकांपासून किती पांगलेत ते बघायचं, आणि सगळे सारख्याच ताकदीचे असते तर निव्वळ नशिबानं किती पांगले असते, त्यानं भागायचं. भागाकार 1 च्या जितका जवळ तितकी लीग तुल्यबळ.

आणि दोन्ही मापांतून निसटतो तो 27 मे 2023 चा दिवस. डॉर्टमुंडला घरच्या मैदानावर माइन्झला हरवलं की विजेतेपद. तिकीट कुठलं मिळतंय, मी गावातल्या एका पबमध्ये उभा. आमचा संघ 0-1 मागं असताना आमच्या हालेरची पेनल्टी हुकली. सामना 2-2. तिकडं कोलोनमध्ये 89 व्या मिनिटाला बायर्नच्या मुसियालानं गोल मारला. दोघांचेही 71 गुण, गोलफरकावर बायर्न. मामांच्या हिशेबात ते वर्ष बायर्नच्या नावावरची आणखी एक रेघ, बस्स.

सायमन रॉटनबर्गनं 1956 मध्ये बेसबॉलबद्दल लिहिताना मांडलं होतं की निकाल अनिश्चित असेल तरच लोक पैसे मोजून येतात. आमच्या डॉर्टमुंडचं 81,365 माणसांचं मैदान मात्र भरतंच. हे मला अजून नीट उलगडलेलं नाही, खरं सांगतो.

मामांनी पुडीचा कागद चुरगाळला. "त्या दिवशी पबमधनं लगेच घरी गेलास?"

"नाही. रात्री उशिरापर्यंत सगळे रस्त्यावरच होतो."

"गप बस आता. हाफ सुरू झाला."